दाराआडचा होकार

माझी माय आणि माझे मोठे बाबा एका घरात राहत, एका चुलीवरचे खात. पण ते दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले, असे मी कधी ऐकले नाही. त्यांचे भांडण नव्हते. मोठे बाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे मायचे थोरले दीर. आमच्या वऱ्हाडात त्यांना भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर यायचे नाही, त्याच्या कानी आपला आवाज पडू द्यायचा नाही, ही रीत. माय ती पाळत होती आणि मोठे बाबाही तिच्याइतकीच पाळत होते.

मग घर कसे चालत असे? गायीच्या मार्फत. मोठे बाबा अंगणात पाऊल टाकण्याआधी मोठ्याने खाकरत. माय दाराआड झाली असेल असे वाटले की गोठ्याकडे तोंड करून गायीला म्हणत, "गाये, आज वावरात भाकरी जास्तीच्या लागतीन वं." आत चुलीपाशी मायच्या बांगड्या वाजत. वाजल्या की हो. 'नाही'साठी मात्र काही आवाज ठरलेला नव्हता, कारण भासऱ्याला नाही म्हणणार कोण? बांगड्या वाजल्या नाहीत की मोठे बाबा समजून घेत आणि "बरं, राहू दे" असे गायीलाच सांगून निघून जात. त्यांनी तिचे गप्प राहणे कधी मोडून काढले नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झाले त्यात कोणाचे मन वाईट होते असे कोणी समजू नये.

लांबलचक निरोप असला तर माझी चुलत बहीण मध्ये उभी राही. ती मोठ्या बाबांची एकुलती मुलगी. तिची आई मी रांगत होतो तेव्हाच वारली होती. बहीण मोठी चलाख. "काकू म्हन्ते पीठ सरलं," असे बापाला सांगून वर पुस्ती जोडायची, "आन् गूळबी सरला, हे माहं." मोठे बाबा हसू दाबत गुळाची ढेप आणत.

त्या वर्षांत अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिथला कापूस मिळेना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला भलतीच मागणी आली होती. कारण काय ते गावात कोणाला धड ठाऊक नव्हते, पण बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या लागल्या, माणसांच्या डोक्यावर नवे लाल फेटे आले, अकोल्याच्या सोनारांच्या दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. माझे वडील आमच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्या भरून पश्चिमेकडे, जिथवर आगगाडी आली होती तिथवर, कापूस पोचवायला जात. एकदा गेले की किती दिवसांनी येतील याचा नेम नसे. बहिणीचे लग्नही त्याच तेजीत झाले, आणि ती पातूरकडच्या एका घरी नांदायला गेली. मी दिवसभर अकोल्याच्या शाळेत. आमच्या घरात मधे उभे राहणारे माणूस संपले.

त्या लग्नात मोठ्या बाबांनी आणखी एक गोष्ट केली. धाकट्या भावाच्या बायकोच्या हातात नुसती काच दिसते, हे त्यांना खटकले. त्यांनी मायसाठी चांदीचे जाड गोट करवले. पण हाताचे माप कसे घेणार? मायला विचारायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी मुलीची एक जुनी बांगडी सोनाराला नेऊन दिली. बहिणीचा हात मायपेक्षा बारीक. गोट आले ते घट्ट आले. मोठ्या बाबांनी ते फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवले आणि गायीला म्हणाले, "गाये, घरच्या लक्ष्मीले म्हन, घाला." मायने तेल लावून, ओठ चावून ते दोन्ही हातांत चढवले. प्रत्येक हातात एक गोट खाली, एक वर, मधे काचेच्या बांगड्या. घट्ट होतात हे ती कोणाला सांगणार? भासऱ्याने मानाने दिलेले लेणे होते.

तेव्हापासून आमचे घर शांत झाले. मला ते जाणवत होते. सकाळी सडा पडे, भांडी घासली जात, आणि तरी घरात काहीतरी कमी वाटे. बहीण सासरी गेली म्हणून, असे मी समजलो. मोठे बाबाही तसेच समजले असतील; कामाच्या धांदलीत ते दिवसभर वावरात असत, गायीला काही विचारायची वेळ क्वचितच येई. पुढे मुंबईला शिकताना आमच्या प्राध्यापकांनी सांगितले की डोळा आणि कान फक्त खबर आणतात, अर्थ मन आपल्या सोयीने लावते. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वाक्य वहीत उतरून घेतले. मला ते उतरून घ्यायची गरज पडली नाही.

माझे अकोल्याच्या मराठी शाळेतले शिक्षण त्या वर्षी संपत आले होते. आमचे मास्तर पुण्याकडचे, सडपातळ, चालताना धोतराचा सोगा सांभाळणारे. त्यांची बदली अमरावतीला झाली होती. तिथे इंग्रजी शाळा होती. त्यांनी मोठ्या बाबांना निरोप धाडला, "मुलगा माझ्याबरोबर द्या. माझ्या घरी राहील, माझ्या मुलांबरोबर जेवेल. बाजाराच्या दिवशी सकाळी माझी गाडी तुमच्या गावावरून जाईल." अमरावतीत आमचे दुसरे कोणी नव्हते. मास्तरांच्या गाडीत बसलो नाही तर इंग्रजी शाळेचे दार मला पुन्हा दिसणार नव्हते, हे मला स्वच्छ कळत होते. आणि त्याच वेळी अकोल्याच्या एका कापूस अडत्याने, लिहिता-वाचता येणारा पोरगा गादीवर बसवायला द्या, म्हणून मोठ्या बाबांकडे तगादा लावला होता. लिहिणाऱ्या माणसाची त्या दिवसांत वेचणाऱ्या माणसाइतकीच टंचाई होती.

वडील गाड्यांबरोबर गेले होते. जाताना, घरातले काही निघालेच तर "दादा म्हनतीन तसं", एवढेच बोलून गेले होते.

मोठ्या बाबांनी मायला विचारले ते मी ऐकले आहे. मी गोठ्यामागे वैरण सोडवत होतो. ते खाकरले, थांबले, मग गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गाये, मास्तर पोराले अमरावतीले मागून राह्यले. त्याचा बाप घरी नाई. त्याच्या मायच्या मनात काय हाये, तेवढं समजू दे. धाडू का?"

माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. गाय रवंथ करत होती, तो आवाज मला ऐकू येत होता. आतून काही आले नाही. मोठे बाबा चिलीम हातात धरून उभे राहिले, नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ. आतून काहीच आले नाही.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे."

माझी अमरावती त्या तीन शब्दांत संपली. मोठ्या बाबांचा मला राग आला नाही. त्यांनी तर विचारले होते. मायने मला अडवले, एवढेच माझ्या डोक्यात बसले.

त्यानंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. मायने भाकरीवर जास्तीचे लोणी ठेवले तर मला वाटे, तिचे मन तिला खाते आहे म्हणून ठेवते. नाही ठेवले तर वाटे, आता काम झाले, आता कशाला ठेवील. ती माझ्याकडे बघत राहिली तर मला वाटे, पोरगा घरात राहिला म्हणून डोळे भरून बघते आहे. तिने काहीही केले तरी माझ्याजवळ त्याचा एकच अर्थ तयार होता. शेवटी मी चुलीपाशी जाऊन विचारलेच.

"माय, तू काहून असं केलं?"

तिने फुंकणी बाजूला ठेवली. "म्या काय केलं रे बापा? मोठ्यायनं ठरवलं. मोठ्यायपुढे आपलं काय चालते?"

ती माझ्यासमोर खोटे बोलते आहे, असे मला वाटले. मी ताटावरून उठलो. तिला काय वाटत होते ते मला पुष्कळ पुढे कळले. तिने आपल्या परीने हो म्हटले होते, सगळा हात हलवून म्हटले होते. तरी भासऱ्याने "राहू दे" म्हटले. तेव्हा अडत्याकडे लावायचे त्यांचे आधीच ठरले असेल, विचारणे केवळ रीतीपुरते होते, असे ती समजून बसली होती. आणि मोठे बाबा माझे फुगलेले तोंड पाहून समजत होते की पोरगा मलाच दोष देतो आहे. एकदा ओट्यावर बसून ते स्वतःशीच पुटपुटलेही, "माह्या तोंडाकडं काय पाह्यतं रे? मी का अडवलं तुले?" पण मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो. घर एक, माणसे तीन, आणि तिघेही एकाच प्रसंगाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी मनात घेऊन वावरत होतो.

बाजाराचा दिवस उजाडला. मोठे बाबा मला घेऊन अकोल्याला निघणार होते. अडत्याच्या गादीवर बसण्यासाठी मला नवे धोतर आणले होते, टोपी आणली होती. मी बोचके घेऊन दारात उभा होतो आणि रस्त्याकडे मुद्दामच बघत नव्हतो. पण गाडीची घुंगरे ऐकू आली, आणि मास्तरांची गाडी आमच्या अंगणासमोर थांबली.

मास्तर खाली उतरले. "काय रे, तयार आहेस ना? बोचके तर बांधलेले दिसते."

मी बोचके पाठीमागे धरले. मोठे बाबा ओट्यावरून उठले.

"बसा, मास्तर. ते बोचकं अकोल्याचं हाये."

"म्हणजे? अहो, ह्याच्यासाठी तर गाडीत जागा ठेवली."

"तुमचे उपकार हायेत. पन नाई जमत."

"का जमत नाही?" मास्तरांचा आवाज चढला. "वेचणीला माणूस कमी पडते म्हणून? अहो, कापूस दर वर्षी येईल. ह्या मुलाची ही वर्षे पुन्हा येणार आहेत का?"

मोठ्या बाबांना ते लागले. "कापसाचं मले सांगू नका. तुमी पुन्याचे लोक साखरेत घोळून बोलता, मले तसं येत नाई. सरळ सांगतो. मी नाई म्हन्लोच नाई. माह्या मनात तं जाऊ द्यावं असंच होतं. पन बाप गावाले गेला, आन् माय चूप राह्यली. मायच्या मनाविरुद्ध पोट्टं धाडलं, आन् उद्या त्याले काही झालं, तं मी तिच्या दारावरून कोन्या तोंडानं जाऊ?"

माझ्या पाठीमागे काहीतरी पडले. मी वळून पाहिले. माय दाराआड भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातातली परात खाली पडली होती. तिचे डोळे असे झाले होते की मी ओळखलेच नाही. तिने उजवा हात वर केला आणि जोराने हलवला. पुन्हा हलवला. मग दोन्ही हात.

काहीच वाजले नाही.

त्या दारात मी असा उभा होतो की मला बाहेर मोठ्या बाबांचा चेहरा दिसत होता आणि आत मायचे हात. घरात दुसऱ्या कोणालाही एकाच वेळी हे दोन्ही कधी दिसले नव्हते. दोन गोटांच्या मधे काचेच्या बांगड्या गच्च दाबून बसल्या होत्या. त्यांना हलायला सुतभर जागा नव्हती. मी त्या गोटांकडे बघतच राहिलो. घर शांत का झाले ते मला तेव्हा कळले, आणि मायलाही.

"मोठे बाबा!" मी ओरडलो. "माय हो म्हन्ते! तिनं हात हालवला!"

मोठ्या बाबांनी माझ्याकडे कठोर नजरेने पाहिले. "तू म्हन्तो, का माय म्हन्ते?"

"माय म्हन्ते! आईच्यान!"

"तुले तं जायाचंच हाये. तू हो म्हनशीनच. ज्याचं लग्न त्यानंच मुलगी पसंत हाये म्हनून सांगावं, असं नसते बापा." ते मास्तरांकडे वळले. "पाहा, पोट्टं मायच्या नावानं बोलाले लागलं."

"मग त्यांनाच विचारा की," मास्तर म्हणाले. "चार पावलांवर तर आहेत."

मोठे बाबा विस्तव पायाखाली आल्यासारखे मागे सरकले. "मास्तर! काय बोलता!"

गाडीवाला जू धरून उभा होता. तो म्हणाला, "बुवा, ऊन चढून राह्यलं. बोलाचं असन तं बोला, नाई तं मी हाकलतो. बैल तापतीन."

मोठे बाबा सवयीने गोठ्याकडे वळले. गोठा रिकामा होता. गाय गुराख्याबरोबर केव्हाच रानात गेली होती. ते क्षणभर तसेच उभे राहिले, हात लोंबते सोडून. असे हतबल झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग त्यांची नजर मास्तरांच्या गाडीच्या डाव्या बैलावर गेली. ते त्याच्यापाशी गेले, शिंगाला हात लावला, आणि म्हणाले,

"बैला, तू परका हायेस, पन तेवढं काम कर गा. घरात इचार. पोराले जाऊ द्याचं का?"

गाडीवाला हसायला गेला आणि मास्तरांचे तोंड बघून थांबला.

आतून काही आले नाही.

मी आत पाहिले. मायने जवसाच्या तेलाचा बुधला हातावर ओतला होता. डाव्या हाताने ती उजव्या हातातला गोट ओढत होती. तो अंगठ्याच्या मुळाशी अडला होता. तिने हात गुडघ्यांत धरला आणि पुन्हा ओढला. कातडी सोलली गेली, तरी तोंडातून आवाज निघाला नाही. बाहेर भासरा होता.

"बरं," मोठे बाबा बैलाजवळ म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "राहू..."

कट्.

काचेचा तो आवाज बाहेरपर्यंत गेला. नवरा गाड्या घेऊन दूरच्या वाटेवर असताना सवाष्णीची बांगडी वाढावी, म्हणजे फुटावी, याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. मायचा चेहरा पांढरा पडला. मोठे बाबा वळले, त्यांनीही तो आवाज ओळखला होता. मला वाटले, आता संपले. आता ती हात खाली टाकील आणि कोपऱ्यात जाऊन बसेल.

तिने पुन्हा ओढले. गोट तेलाने निसटला, जमिनीवर आपटला, उंबऱ्यावरून उडी घेऊन ओट्यावर आला, आणि घरंगळत मोठ्या बाबांच्या पायाशी जाऊन आडवा झाला.

आणि मग बांगड्या वाजल्या. उरलेल्या सगळ्या. एकदा नाही, दोनदा नाही. ती हात हलवतच राहिली. तिच्या लग्नापासून भासऱ्याला सांगायचे राहून गेलेले सगळे ती त्या एका हाताने सांगत होती, असे मला वाटले. माझे वाटणे चुकीचेही असेल. तेवढे मी त्या सकाळी शिकलो होतो.

मोठ्या बाबांनी वाकून गोट उचलला. त्यावर तेल होते आणि रक्ताची बारीक रेघ होती. त्यांनी तो बोटांवर धरला, फिरवला. मुलीच्या जुन्या बांगडीचे माप त्यांना आठवले असणार. मग बैलाला म्हणाले,

"आयकलं. आयकलं म्हनावं. आता पुरे. बाकीच्या तं राहू दे हातात."

आतला आवाज थांबला.

"आन् असंबी सांग," ते अडखळत पुढे म्हणाले, "का बांगडी वाढली म्हनून मनाले लावून घेऊ नये. माह्या भावाले काही होत नाई. कासाराले आजच धाडतो."

मी निरोप घ्यायला आत गेलो. मास्तर बाहेर होते, भासरा बाहेर होता. माय दाराबाहेर येऊ शकत नव्हती. तिने अकोल्याच्या बोचक्यात आणखी दोन भाकरी कोंबल्या. तिचा हात सुजत चालला होता. ती एवढेच म्हणाली, "तुहे बाबा येतीनच. तू तिकडं रडू नको." आणि मला दिसले की रडू नको हे ती स्वतःला सांगत होती.

गाडी हलली. वाटेत मास्तर मला कसले कसले इंग्रजी शब्द सांगत होते. माझे लक्ष नव्हते. ती काच माझ्या कानात वाजत होती. अमरावतीला पोचल्यावरही रोज शाळा सुटली की मी गाडीतळावर जाई आणि आमच्या बाजूच्या गाडीवाल्यांना विचारी. मी शिकायला आलो, आणि त्यासाठी माय घरी काय भोगत बसली आहे, हे डोक्यातून जाईना. शेवटी एका गाडीवाल्याने मला पाहून लांबूनच हात केला. "तुहे बाबा आले, रे! ताप घेऊन आले, पन आले. आता ओट्यावर बसून तुह्या मोठ्या बाबाशी भांडून राह्यले, का मले न इचारता पोरगं धाडलं म्हनून!" मी तिथेच बैलांच्या गर्दीत खाली बसलो.

त्या शाळेतून मी मुंबईला गेलो आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मीच पहिला. लोक विचारतात, हे कोणाच्या पुण्याईने? मास्तरांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्यांची गाडी फक्त दारापर्यंत आली होती.

पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा गोट मायच्या हातांत होते. सोनाराने ते मोठे करून दिले होते, आणि माप म्हणून या वेळी मायने स्वतःच्या हाताभोवती गुंडाळलेला दोरा उंबऱ्यावर ठेवला होता. रीत मोडली नव्हती. मोठे बाबा अंगणात येऊन खाकरले आणि गायीला म्हणाले, "गाये, पोट्टं आलं. आज पुरनाची पोळी व्हावी का?"

माय पीठ मळत होती. तिचे हात पिठात होते. काही वाजले नाही.

पूर्वी ते "बरं, राहू दे" म्हणून निघून गेले असते. ते गेले नाहीत. गायीच्या मानेखाली खाजवत उभे राहिले. मग जरा मोठ्याने, शब्द तोडून तोडून, त्यांनी तेच पुन्हा विचारले. आत मायने पिठातून हात बाहेर काढला.